खाम ते येळगंगा : चढाची वाट

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ मोटारीने पाऊण तासाच्या अंतरावर आहे. परगावचे पाहुणे आले की त्यांना वेरूळ दाखविणे हा शहरातील व्यापारी कुटुंबांचा जुना परिपाठ. सकाळची न्याहारी उरकून निघायचे, वाटेत दौलताबादचा किल्ला गाडीच्या काचेतून दाखवायचा, कैलास लेणे पाहायचे, जैन लेण्यांत आणि डोंगरावरच्या पार्श्वप्रभूंच्या चरणी दर्शन घ्यायचे, आणि सूर्यास्तापूर्वी भोजनास घरी परतायचे. या सहलीत सर्व काही पाहून होते. राहून जातो तो रस्ता. शहर आणि लेणी यांच्यामधला तीस किलोमीटरांचा मुलूख हा केवळ ओलांडायचा असतो, अशी प्रत्येकाची समजूत असते.

गेल्या काही वर्षांत याच रस्त्यावर पहाटे सायकलस्वार दिसू लागले आहेत. जाड, खाचांच्या टायरची, पुढे धक्के सोसणारा काटा असलेली, गिअरची माउंटन बाईक घेऊन तरुण मंडळी निघतात; त्यांच्यात दुकानाचे शटर उघडण्याआधी पन्नास किलोमीटर पुरे करून येणारे व्यापारीही असतात. घरची वडीलधारी माणसे या उद्योगाकडे थोड्या कौतुकाने आणि बऱ्याचशा काळजीने पाहतात. ज्या सायकलवरून एके काळी वसुलीसाठी पेठेत हिंडावे लागले ती परवडेनाशी झाली म्हणून नव्हे, तर मोठ्या कष्टाने मागे टाकली होती. ती नातवाने हजारो रुपये मोजून पुन्हा घरात आणावी, हे त्यांना सहजासहजी उमगत नाही. तथापि या मुलुखाच्या बाबतीत सायकलीचा पक्ष बळकट आहे. हा प्रदेश पायी चालणाऱ्या माणसाने आणि बैलगाडीने घडविला. त्याचा सारा हिशेब चढ-उताराचा आहे, आणि चढ-उतार मोटारीत कळत नाही.

प्रवास सुरू होतो तो खाम नदीवर. जुन्या शहरातून छावणीकडे निघताना महमूद दरवाजा, मकाई दरवाजा किंवा बारापुल्ला दरवाजा यांपैकी एकातून बाहेर पडावे लागे, आणि तिन्ही दरवाजांना लागून खामवरचे पूल आहेत. मोटारीला हे दरवाजे म्हणजे अडचण. सायकलस्वाराला मात्र क्षणभर थांबून खाली पाहता येते. खाली जे दिसते ते नेहमीच सुखावह नसते. जटवाड्याच्या डोंगरांकडून येणारी ही नदी शहराची जन्मदात्री आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये येथे खडकी वसविली आणि १६१७ च्या सुमारास खामच्या खोऱ्यातील झिरपा भूमिगत नहरीने शहरात आणला. पंप नाही, इंजिन नाही. केवळ उतार अचूक ओळखून पाणी घराघरांच्या हौदापर्यंत पोहोचविले. पाणचक्कीचे जातेही अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरत असे. पुढे या नदीचा नाला झाला. अलीकडे तिच्या पात्राची सफाई आणि काठांची दुरुस्ती हाती घेतली गेली असून काही टप्प्यांत तिचे रूप पालटलेही आहे. परंतु पुलावर उभे राहिल्यावर वाऱ्याची दिशा बदलली की अजून किती काम बाकी आहे ते कळते.

छावणीनंतर पडेगाव, मिटमिटा आणि शरणापूर फाटा. हा भाग झपाट्याने सांगून टाकावा असाच आहे: जड वाहने, धाब्यांच्या पाट्या आणि प्लॉटिंगचे फलक. पहाटे लवकर निघण्याचे खरे कारण हेच. उजाडल्यानंतर एका तासात हा पट्टा सायकलीला नकोसा होतो. उजव्या हाताच्या टेकड्यांच्या पायथ्याशी मुरूम उपसल्याच्या पांढुरक्या जखमा दिसतात. एनए प्लॉटचे दगड रोवलेल्या जमिनीतून एखादा ओढा जात असेल तर तो नकाशावर सरळ रेषेत वळविलेला असतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात तो आपली जुनी वाट शोधीत कोणाच्या तरी कुंपणात शिरतो. या प्लॉटांच्या खरेदीखतांवर आपल्याच समाजातील किती नावे आहेत, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

शरणापूर मागे पडले की देवगिरी समोर उभा राहतो. सपाटीतून एकाकी वर आलेला, सुमारे दोनशे मीटर उंचीचा शंकूसारखा डोंगर. त्याचा खालचा भाग तासून भिंतीसारखा उभा केलेला. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे यादवांची राजधानी केली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने येथून अमाप संपत्ती नेली आणि १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानीच येथे हलवून या गावाचे नाव दौलताबाद ठेवले. हे सारे शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात नसते ती एक साधी गोष्ट सायकलस्वाराच्या मांड्यांना कळते. शहरापासून येथवर रस्ता फसवा, हलका चढता आहे. डोळ्यांना सपाट वाटतो, पण गिअर एकेक पायरी खाली आणावा लागतो. किल्ल्यानंतर लगेच घाट सुरू होतो. म्हणजे देवगिरी बसला आहे तो नेमका पठाराच्या उंबरठ्यावर: खाली धान्य पिकविणारी काळी जमीन, वर पाणी अडविणारे डोंगर, आणि दोहोंमधून जाणारी वाट त्याच्या पायाशी. नाक्यावर दुकान असावे तशी ही जागा आहे. व्यापारी माणसाला तिचे मोल समजावून सांगावे लागू नये.

किल्ल्याच्या मागच्या बाजूस आबपाश दरा आहे. या दरीतले पाणी अडवून ते नळांतून किल्ल्यात आणि खालच्या नगरात खेळविले होते. माउंटन बाईकला साजेशा वाटा येथूनच सुरू होतात. डांबर सोडून शेतांच्या बांधांमधल्या पाणंदीने शिरले की पहिल्या पाच मिनिटांत आवाज बदलतो. ट्रकचा हॉर्न मागे पडतो आणि टायरखाली मुरमाची करकर ऐकू येऊ लागते. या वाटांचे दोन शत्रू आहेत. एक बाभळीचा काटा, जो कितीही महाग टायर असला तरी भीडभाड ठेवीत नाही. म्हणून हवेचा पंप, जादा ट्यूब आणि पंक्चरचे सामान पाठीवर असावेच. दुसरी ओली काळी माती. पाऊस पडून गेल्यावर ती चाकात अशी भरते की सायकल चालविण्याऐवजी खांद्यावर वाहून न्यावी लागते.

पावसाळ्यात या पाणंदींवर मृगाचे लाल किडे, गोगलगायी आणि असंख्य सूक्ष्म जीव असतात. मुनिसंघ चार महिने एका ठिकाणी का थांबतात याचे उत्तर आषाढातल्या एखाद्या पाणंदीवर पाच पावले टाकली तरी मिळते. कार्तिकी पौर्णिमेनंतर वाटा कोरड्या होतात, ज्वारी गुडघ्याला लागते, रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात आणि पहाटेचा गारवा सुखद असतो. तेथपासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ या प्रवासाला उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीवर जातो. त्या दिवसांत सकाळी नऊनंतर येथे सायकल चालविणे हे धाडस नव्हे, अविचार होय.

पुन्हा मुख्य रस्त्यावर आल्यावर दिल्ली दरवाजा लागतो. जुन्या तटबंदीतल्या या वेशीतून आजही सारी वाहतूक जाते आणि एका वेळी एकच मोठे वाहन मावते. सुटीच्या दिवशी दोन्ही बाजूंना रांगा लागतात, चालक उतरून एकमेकांना मागे घेण्याच्या सूचना देतात. सायकल त्यांच्या बाजूने निघून जाते. त्यापुढे घाट. मोटारीतून चार वळणांचा वाटणारा हा घाट पायडलवर चांगलाच लांबतो. येथे जोर लावणाऱ्याची फजिती होते. सर्वांत हलक्या गिअरवर, श्वासाच्या लयीने, मागच्या दगडाचा विचार न करता पुढचा दगड गाठणारा वर पोहोचतो. प्रथम येणारे बहुतेक जण तिसऱ्या वळणावर उतरतात, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. तिथून मागे पाहिले की देवगिरीचा माथा जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत आलेला असतो. ज्या किल्ल्याकडे तासाभरापूर्वी मान वर करून पाहिले, त्याच्या उंचीला आपल्या पायांनी आलो, ही जाणीव कोणत्याही गाइडला देता येत नाही.

घाटमाथ्यावर कागजीपुरा आहे. तुघलकाच्या काळात आलेल्या कागद करणाऱ्या कारागिरांची ही वस्ती, अशी परंपरा सांगितली जाते. हातकागदाचे काम येथे आजही चालते. दौलताबादी कागद हे नाव जुन्या मराठी दप्तरांच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. तो टिकाऊ कागद दूरवर जाई. लगद्याला पाणी मुबलक लागते, तेव्हा कागदाचे गाव पाण्याच्या आश्रयानेच वसणार. ज्यांच्या घरी पाडव्याला अजूनही नव्या वहीचे पूजन होते, त्यांनी येथे दहा मिनिटे थांबून ओला कागद वाळत घातलेला पाहावा.

पुढे खुल्ताबाद, जुन्या माणसांच्या तोंडी अद्याप रौजा. शहरापासून हे पंचवीस किलोमीटर आणि उंचीने सुमारे अडीचशे मीटर वर. दिल्लीहून येऊन आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे दख्खनमध्ये लढत घालविलेला औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला आणि त्याला येथे आणून एका उघड्या, साध्या कबरीत पुरले. त्याच्यापूर्वी ज्याने मोगलांना जन्मभर झुंजविले तो मलिक अंबरही याच गावाच्या मातीत आहे. आणि याच गावात निद्रिस्त मूर्तीचे भद्रा मारुती देवस्थान. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातल्या शनिवारी शहरातून हजारो माणसे हाच घाट पायी चढून दर्शनाला येतात. म्हणजे हा रस्ता पायांनी तोडण्याची सवय शहराने पुरती सोडलेली नाही.

खुल्ताबादहून जवळच सुलीभंजनची टेकडी आहे. संत एकनाथांनी येथे अनुष्ठान केल्याचे सांगतात. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते आणि पैठणचा तो मुलगा त्यांच्या शोधात एवढ्या दूर आला. पैठण हे नाव येथे ओघाने येते, तेव्हा थोडे विषयांतर करावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात पैठणचा उल्लेख आहे तो मुक्कामांच्या हिशेबाने: भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांची वाट. तिथून गोमेदासारखे दगड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून बंदराकडे नेत. त्या गाड्यांना सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेतील एखादा घाट उतरल्यावाचून गत्यंतर नव्हते. लेणी ज्या डोंगरांत कोरली गेली ते डोंगर या वाटांपासून दूर नाहीत. भिक्षू आणि मुनी एकांतात राहत, हे खरे; परंतु त्या एकांताला आहार देणारा गृहस्थ तांड्याबरोबर जवळून जात असे.

खुल्ताबादहून म्हैसमाळ सुमारे बारा किलोमीटर. या टप्प्यावर पाय थकतात आणि डोळे उघडतात. हजार मीटरांहून थोडे अधिक उंचीचे हे पठार; वर गिरिजामातेचे देऊळ. येथून पूर्वेकडे गिरिजा नदी निघते, पूर्णेला मिळते आणि पूर्णेबरोबर परभणी जिल्ह्यात गोदावरीत जाते. पश्चिमेच्या उतारावरचे पाणी येळगंगेतून शिवना नदीला आणि तिच्यातून, कितीतरी वरच्या बाजूला, त्याच गोदावरीला मिळते. एकाच ढगाच्या दोन थेंबांची ताटातूट येथे होते. सायकलस्वाराला ही पाणलोटाची रेषा दिसत नाही, परंतु कळते: जिथे पायडल मारणे आपोआप थांबते आणि चाक स्वतःच फिरू लागते, तीच ती रेषा.

येथे उभे राहून शहराच्या पाण्याचा हिशेब मांडून पाहावा. शिवनेतून गेलेले पाणी पैठणच्या जायकवाडी धरणात साठते. खामही आपले सारे बरे-वाईट घेऊन त्याच दिशेने जाते. आणि त्याच जलाशयातून चाळीस-पन्नास किलोमीटर लांबीच्या नळांनी, शंभर मीटरांहून अधिक उंची चढवून, वीज जाळून, ते पाणी शहरात आणावे लागते. तरीही नळाला पाणी येण्याचा वार लक्षात ठेवावा लागतो आणि टँकर हा घरखर्चातला एक रकाना होऊन बसला आहे. ज्या डोंगरांतून मलिक अंबरने उताराच्या बळावर पाणी आणले त्या डोंगरांच्या पायथ्याचे ओढे बुजवावेत, आणि तेच पाणी धरणातून परत चढावर ओढावे, असा हा व्यवहार आहे. वाढलेल्या शहराची तहान नहरींनी भागली नसती, हे कबूल. धरण हवेच होते. पण मुद्दल हाताशी असताना ते वाहून जाऊ द्यायचे आणि व्याजाने रक्कम उचलायची, याला कोणत्याही पेढीवर शहाणपण म्हटलेले नाही.

म्हैसमाळहून वेरूळकडची उतरण हा दिवसाचा मेवा. येथे दोन्ही ब्रेक सारखे दाबावेत. एकट्या पुढच्या ब्रेकवर भरवसा टाकणारा मुरमाच्या वळणावर हमखास आपटतो. येळगंगा कधी डावीकडे, कधी उजवीकडे राहते आणि शेवटी लेण्यांच्या कड्यावरून एकोणतिसाव्या लेण्यापाशी खाली झेपावते. भाद्रपदात तो मोठा धबधबा असतो, मार्गशीर्षात एक ओली रेघ. चौतीस लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध, पुढची सतरा वैदिक आणि अखेरची पाच, तीस ते चौतीस, जैन. कैलासापासून जैन लेणी चांगली किलोमीटरभर उत्तरेला असल्याने दमलेली सहल पुष्कळदा तिथवर पोहोचतच नाही. सायकलवाल्याला एवढे अंतर म्हणजे काहीच नव्हे.

बत्तिसाव्या लेण्यात, ज्याला इंद्रसभा म्हणतात, घामाने भिजून शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. अंगणात अखंड दगडाचे सर्वतोभद्र मंदिर. वरच्या मजल्यावर छतातले कमळ आणि रंगांचे अवशेष. हत्तीवर बसलेला यक्ष, ज्याला लोकांनी इंद्र मानले. आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका. एका बाजूस कमठाच्या उपसर्गात अविचल उभे पार्श्वनाथ, दुसऱ्या बाजूस वेलींनी वेढलेले बाहुबली. दोघेही उभे, दोघेही स्थिर. सकाळपासून चाके फिरवीत आलेल्या माणसाला तेथे काही वेळ बसून राहावेसे वाटते.

तेथून पायऱ्यांनी डोंगरावर. पार्श्वप्रभूंची ती विशाल पद्मासनस्थ मूर्ती बहुतेक वाचकांनी पाहिलेली असेल; सुमारे सोळा फूट उंच, मस्तकावर नागफणा. तिच्यावरचा लेख मात्र थोड्यांनी वाचला असेल. शके ११५६, फाल्गुन शुद्ध तृतीया, म्हणजे इ.स. १२३४-३५, देवगिरीवर सिंघण यादवाचे राज्य असतानाचा काळ. श्रीवर्धनपूरच्या एका कुटुंबातील चार भावांत अग्रणी असलेल्या चक्रेश्वर नावाच्या गृहस्थाने चारण मुनींचा वावर असलेल्या या डोंगरावर पार्श्वनाथांची मूर्ती करविली, जिनांच्या इतरही मोठ्या प्रतिमा घडविल्या आणि त्या दानाने आपल्या कर्मांचा क्षय साधला, असे त्यात म्हटले आहे. भरताने कैलास पर्वताला जसे तीर्थ केले तसे चक्रेश्वराने या चारणाद्रीला केले, अशी तुलनाही तेथे आहे. चारण मुनींना आकाशगमनाची ऋद्धी होती. चक्रेश्वर मात्र गृहस्थ होता. तो येथवर चालत किंवा बैलगाडीने, बहुधा त्याच घाटाने आला असणार. डोंगरात धन गुंतविणारा तो काही एकटाच नव्हे. आजही ते गुंतविले जाते. त्याने डोंगर फोडून विकला नाही, एवढाच फरक.

उतरल्यावर भोजन लवकर आटोपावे लागते. चौविहार पाळणाऱ्या सायकलस्वारांचे दिवसाचे गणित सूर्याशी आधीच बांधलेले असते, आणि अंधारात त्या घाटातून सायकल न चालविण्याचा नियमही त्यातच पाळला जातो. परतीला वेरूळहून खुल्ताबादपर्यंत पुन्हा चढ आहे, हे नवख्याला कोणी सांगितलेले नसते. तो घरी फोन लावतो, गाडी मागवू पाहतो, मग दोन खजूर खाऊन, घोटभर पाणी पिऊन पुन्हा सायकलवर बसतो. माथ्यावर आल्यानंतर सारा रस्ता उताराचा. कागजीपुऱ्यात वाळलेले कागद आत गेलेले असतात. घाटाच्या तळाशी दिल्ली दरवाजात एक बस आणि एक ऊसाचा ट्रॅक्टर समोरासमोर अडकलेले असतात, कोणी मागे व्हायचे यावर वाद चाललेला असतो, आणि दोहोंच्या मधल्या हातभर जागेतून सायकली एकामागून एक पलीकडे निघून जातात.